हिरवळ कापण्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी : काढणे, चार्ज करणे आणि पावसाळ्यात ठेवणे

घोडबंदरवासी (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहसंकुलात दीड एकराच्या आसपास हिरवळ आहे आणि ती कापण्यासाठी संकुलाने काही वर्षांपूर्वी बसून चालवायचा छोटा बाग-ट्रॅक्टर घेतला आहे. बाग समितीचे काम यंदा माझ्याकडे आल्यामुळे या ट्रॅक्टरची जबाबदारीही ओघाने आलीच. ट्रॅक्टरला १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-तासांची, सहा बुचांची, पाणी घालावी लागणारी बॅटरी आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत जमीन इतकी मऊ असते की चाके रुततात. त्यामुळे त्या काळात खांद्यावरच्या यंत्राने गवत कापले जाते आणि ट्रॅक्टर पंपाच्या खोलीत ताडपत्रीखाली उभा असतो. ट्रॅक्टरबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत साठवणीचे एक पूर्ण प्रकरण आहे, परंतु ते हिमवर्षाव होणाऱ्या देशांसाठी लिहिलेले असल्यामुळे त्यात आमच्या पावसाचा उल्लेखच नाही.

यंदा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात किल्ली फिरवली तेव्हा केवळ ‘टक्’ असा आवाज आला. आमच्या माळीदादांनी कोणाला न विचारता बॅटरी काढायला घेतली आणि प्रथम लाल वायरीचा बोल्ट सोडवू लागले. पाना निसटून ट्रॅक्टरच्या पत्र्याला टेकला, मोठी ठिणगी उडाली आणि पाना क्षणभर चिकटून बसला. सुदैवाने त्यांना इजा झाली नाही. तो पाना आता माझ्यासमोर टेबलावर आहे. त्याच्या जबड्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा पडला असून भोवतीचे लोखंड निळसर झाले आहे. ‘बारा व्होल्टने काय होते’ असे आजवर मीच म्हणत आलो होतो, हे येथे कबूल करतो.

मल्टिमीटरवर बॅटरी १०.४ व्होल्ट दाखवते. संकुलाच्या वायरमनने ती क्लबहाउसच्या इन्व्हर्टरला रात्रभर जोडून ठेवण्याचे सुचवले आहे. तसे करावे का, ही बॅटरी वाचेल का आणि पुढच्या पावसाळ्यात ती कशी ठेवावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रबाळ्याचा फिटर

इन्व्हर्टरला मुळीच जोडू नका. क्लबहाउसचा इन्व्हर्टर बहुधा १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी असेल आणि तो बारा-पंधरा अँपिअर सहज ढकलतो. तुमच्या ३५च्या बॅटरीला साधारण दहावा भाग, म्हणजे साडेतीन अँपिअर, हा योग्य वेग आहे. त्याच्या चौपट प्रवाह दिला तर पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतील, प्लेटा तापून वाकतील आणि जी काही आशा आहे तीही संपेल. दुचाकीच्या गॅरेजमध्ये चार-पाच अँपिअरचा छोटा चार्जर मिळतो, तो एक दिवसासाठी मागून आणा.

आता काढण्याच्या क्रमाविषयी. ट्रॅक्टरची सगळी पत्र्याची काया ही बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली असते. ऋण वायर जागेवर असताना तुम्ही धन टोकाचा बोल्ट फिरवू लागलात आणि पाना कोठेही पत्र्याला टेकला, तर पाना हीच दोन टोकांना जोडणारी वायर बनते आणि त्यातून शेकडो अँपिअर वाहतात. म्हणून काळी, म्हणजे मायनसची वायर आधी काढायची आणि ती मागे वळवून कापडात गुंडाळून ठेवायची. एवढे झाले की काया बॅटरीपासून तुटते आणि त्यानंतर लाल वायर सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. बसवताना बरोबर उलट करावे : लाल आधी, काळी सर्वांत शेवटी. आमच्या कारखान्यात फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्यांवर काम करणारा माणूस अंगठी, कडे आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवल्याशिवाय हात लावत नाही, कारण अंगठी त्या पान्यासारखी तापली तर ती बोटातून पटकन निघत नाही. पान्याच्या दांड्याला वायरमनची काळी टेप गुंडाळून ठेवणे हा दोन मिनिटांचा उपाय आहे.

बॅटरी उचलताना बुचांचा भाग आपल्याकडे झुकू देऊ नका आणि वायरीला किंवा टोकांना धरून तर कधीच उचलू नका.

ऐरोलीकर

फिटरसाहेबांनी विजेची बाजू नीट सांगितली आहे. मी निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक असल्यामुळे दुसरी बाजू मांडतो, आणि धाग्यातील मला सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे ‘पंपाची खोली’ हे दोन शब्द.

शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होत आली, की दिलेल्या विजेचा काही भाग पाण्याचे विघटन करण्यात जातो आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते. इतका मोठा पल्ला स्वयंपाकाच्या गॅसलाही नाही. शिवाय स्वयंपाकाच्या गॅसला वास घातलेला असतो, हायड्रोजनला रंगही नाही आणि वासही नाही. तो हलका असल्यामुळे छताशी जमतो. पंपाच्या खोलीत खिडकी बहुधा नसते, दार बंद असते आणि पंपाचा स्टार्टर दिवसातून कित्येक वेळा आपोआप चालू-बंद होताना आत ठिणगी पाडतो. त्या खोलीत बॅटरी नुसती ठेवणे एक वेळ चालेल, पण चार्ज करणे कदापि नको. मीटररूम आणि जिन्याखालची कोंदट जागा यांनाही हेच लागू आहे. चारी बाजूंनी उघड्या असलेल्या पार्किंगमध्ये, पाऊस लागणार नाही अशा खांबाजवळ, लाकडी फळीवर ठेवून चार्ज करावी.

याच कारणासाठी चार्जरचे चिमटे लावताना आणि काढताना भिंतीवरचा स्विच बंद असला पाहिजे. चिमटा आधी, स्विच नंतर. काढताना स्विच आधी, चिमटा नंतर. चार्ज होत असलेल्या बॅटरीवरून चालू चिमटा ओढून काढला की नेमकी वायूच्या तोंडावर ठिणगी पडते, आणि स्फोट झाला तर फुटलेल्या प्लॅस्टिकबरोबर आम्लही चेहऱ्यावर येते. म्हणून डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला चष्मा हवा. नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही. बुचांवरची वायू जाण्याची बारीक छिद्रे चिखलाने बुजलेली नाहीत, हेही पाहावे.

आम्ल त्वचेवर उडाले तर नळाखाली भरपूर पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावे. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी सोडत राहावे आणि मग थेट डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात सोडा वगैरे घालण्याचा उद्योग करू नये. खाण्याचा सोडा जमिनीवर सांडलेल्या आम्लासाठी आहे. सुती कपड्यावर उडालेला थेंब त्या दिवशी दिसत नाही. पुढच्या धुण्यात तेथे भोक पडलेले सापडते. माझ्या प्रयोगशाळेतील सगळे जुने सदरे याला साक्षी आहेत.

शंकेखोर

दोन शंका आहेत. पहिली, बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते असे आमचे वडील सांगत असत, त्यात तथ्य आहे का? दुसरी, आमच्याकडे खारघरला सर्वजण बॅटरीत एसीच्या नळीतून गळणारे पाणी घालतात, कारण ते वाफेपासून तयार झालेले असल्यामुळे शुद्धच असते, असे म्हणतात.

ऐरोलीकर

वडिलांचे म्हणणे त्यांच्या काळात पूर्ण चुकीचे नव्हते. जुन्या बॅटऱ्यांची पेटी लाकडाची किंवा कडक रबराची असे आणि ओल्या जमिनीवर तिच्यातून विजेची गळती होऊ शकत असे. आजची पेटी पॉलिप्रॉपिलीनची असते, तिला सिमेंट काही करत नाही. मात्र आपल्याकडच्या पावसाळ्यात झाकणावर धूळ, आम्लाचा ओलावा आणि दमट हवा यांचा जो चिकट थर बसतो, त्यातून दोन टोकांमध्ये सूक्ष्म गळती खरोखर होते. पडताळा घ्यायचा असेल तर मल्टिमीटरचे काळे टोक मायनसला लावा आणि लाल टोक झाकणाच्या मळक्या भागावर फिरवा. काटा किंवा आकडा हलला, तर तो थर वीज वाहतो आहे असे समजा. बुचे घट्ट लावून, सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने झाकण पुसावे, साध्या पाण्याचा दुसरा हात फिरवावा आणि कोरडे करावे. सोड्याचे पाणी आत गेले तर ते आतील आम्लच मारते, म्हणून बुचे घट्ट असण्याला महत्त्व आहे.

एसीचे पाणी वाफेचे असले तरी ते धुळीने माखलेल्या तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवरून आणि शेवाळलेल्या तबकातून वाहत येते. धातूंचे अंश बॅटरीत गेले की ती स्वतःहून लवकर उतरते. आरओचे पाणीही नको, त्यात क्षार उरतातच. डिस्टिल्ड वॉटरचा डबा इतका स्वस्त असताना ही काटकसर मला कधी समजली नाही.

पाण्याची पातळी प्लेटांच्या वर साधारण बोटाच्या एका पेराच्या निम्मी, म्हणजे दहा-बारा मिलिमीटर असावी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या झाकण्यापुरतेच पाणी आधी घालावे आणि उरलेले चार्जिंगनंतर, कारण चार्ज होताना पातळी चढते. आधीच काठोकाठ भरले तर आम्ल बाहेर उतू जाऊन खालचा लोखंडी ट्रे खाते. आम्ल मात्र कधीही वरून घालू नये. उडते ते पाणी, आम्ल आतच राहते.

घोडबंदरवासी (धागालेखक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सुट्टी असल्यामुळे सांगितल्याप्रमाणे सर्व केले. काळी वायर आधी काढली. मायनसच्या टोकावर पांढरट-हिरवा भुगा इतका साचला होता की वायरीच्या टोकाची धातूची कडी (लग) दिसतच नव्हती. सोड्याचे कोमट पाणी टाकल्यावर तो फसफसला आणि खाली निम्मा झिजलेला बोल्ट निघाला. उघड्या पार्किंगमध्ये गॅरेजचा चार्जर साडेतीन अँपिअरवर सुमारे बारा तास चालवला. नंतर ती रात्रभर तशीच ठेवून सकाळी मोजली, तर आकडा १०.६ वरच थांबला आहे. हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी काचनळी) आणून सहाही खान्यांचे, म्हणजे सेलचे, मोजमाप घेतले. धन टोकाकडून पाच खाने १.२३५ ते १.२४५ या दरम्यान आले आणि सहावा १.१२० आला. त्या खान्यातून काचनळीत चढलेला द्रव चहासारखा गढूळ तपकिरी होता आणि चार्जिंगच्या शेवटी इतर पाचांत बुडबुडे येत असताना त्यात मात्र शांतता होती.

रबाळ्याचा फिटर

तुमचे निदान तुमच्याच आकड्यांत आहे. प्रत्येक खाना चांगला असेल तर २.१ व्होल्ट देतो, सहांचे मिळून १२.६ होतात. पाचांचे होतात १०.५. म्हणजे पाच खाने धडधाकट आहेत आणि सहावा आतल्या आत शॉर्ट झाला आहे. पहिल्या दिवशीच्या १०.४ वरून मला ही शंका आली होती, पण पूर्ण उतरलेली चांगली बॅटरीही तेवढाच आकडा दाखवू शकते, म्हणून आधी चार्ज करून पाहणे भाग होते. आता कोणी ‘पावडर टाकून जिवंत करून देतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

तपकिरी द्रव म्हणजे धन प्लेटांचा झडलेला लेप. तो तळाशी साचून प्लेटांना टेकला की खाना शॉर्ट होतो. पाच चांगल्या खान्यांशेजारी एकच खाना असा झडतो तेव्हा मी आधी दणक्यांचा विचार करतो. बॅटरी ज्या पट्टीने आवळलेली असते ती पट्टी जागेवर आहे का?

घोडबंदरवासी (धागालेखक)

पट्टी नाही. बॅटरी सुतळीने बांधलेली होती. माळीदादांना विचारले तेव्हा कळले, की पट्टीचा बोल्ट गंजून तुटला त्याला दोन वर्षे झाली. त्यांनी तेव्हाच्या समितीला सांगितलेही होते. त्या समितीत मी सदस्य होतो.

म्हणजे आम्ही दोष पावसाला देत होतो आणि बॅटरी हिरवळीवरच्या दणक्यांनी मरत होती.

येऊरची वाट

पावसालाही अगदी निर्दोष सोडू नका, दादा. माझी रोपवाटिका आहे आणि माझ्याकडच्या छोट्या ट्रॅक्टरची पहिली बॅटरी एकाच पावसाळ्यात गेली होती. पट्टी घट्ट होती, ती गेली निव्वळ पडून राहून. बॅटरी न वापरता ठेवली तरी आतल्या आत उतरत राहते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. थंड देशांतील पुस्तिका ‘तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा’ म्हणते, ते त्यांच्या थंड गॅरेजसाठी ठीक आहे. तेथे भीती वेगळी असते : उतरलेल्या बॅटरीतील आम्ल पाण्यासारखे पातळ होऊन शून्याखाली काही अंशांवरच गोठते आणि पेटी फोडते, तर पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे ५० अंशांनाही टिकते. आपल्याकडे गोठत नाही, पण उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे जे मऊ कण असतात, ते आठवडेच्या आठवडे तसेच राहिले की कडक खडे होतात आणि नंतर चार्ज घेत नाहीत.

माझी पद्धत सांगते. पहिला मोठा पाऊस झाला की बॅटरी ट्रॅक्टरमधून काढायची, कारण किल्ली बंद असली तरी तासांचे मीटर वगैरे थोडी थोडी वीज ओढत राहतात. ती पुसून, पूर्ण चार्ज करून घरातल्या पडवीत फळीवर ठेवायची, मुले आणि मांजरे पोहोचणार नाहीत अशा उंचीवर. टोकांना व्हॅसलीनचा हात आणि प्लसवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा. दर महिन्याच्या संकष्टीला मोजायची. ही तारीख मी केवळ लक्षात राहावी म्हणून निवडली आहे, तुम्ही देखभाल-शुल्काची तारीख निवडा. चार्जिंगनंतर लगेच मोजू नये, आकडा फसवा येतो. काही तास जाऊ द्यावेत. १२.६ असेल तर उत्तम, १२.४ च्या खाली आला की चार्जर लावायचा. १२.२ म्हणजे निम्मी संपली, १२.० म्हणजे जेमतेम पावभर उरली. इतके खाली मी जाऊ देत नाही. या पद्धतीने दुसरी बॅटरी पाचवा पावसाळा पाहते आहे.

शंकेखोर

त्यापेक्षा आपोआप बंद-चालू होणारा छोटा चार्जर चारही महिने लावून ठेवला तर?

येऊरची वाट

चार्जर खरोखर आपोआप १३.५ च्या आसपास येऊन थांबणारा असेल तर चालते. परंतु आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते आणि कोणाचेही लक्ष नसलेले उपकरण चार महिने चालू ठेवणे माझ्या मनाला पटत नाही. साधा, न थांबणारा चार्जर विसरला तर महिन्याभरात पाणी उडून प्लेटा उघड्या पडतात. बंद प्रकारच्या, पाणी न घालायच्या बॅटरीत तर ते पाणी परत भरताही येत नाही. तुमची तशी असेल तर तिचे झाकण उचकटून पाहण्याचा मोह टाळा.

घोडबंदरवासी (धागालेखक)

काल नवी बॅटरी आणली. दुकानात जुनी जमा करून किमतीत सूट मिळाली. त्याआधी एका भंगारवाल्याने जास्त पैसे देऊ केले होते. ‘वजन नको’ म्हणत तो आमच्याच फाटकाशी, पावसाच्या पाण्याच्या गटारात आम्ल ओतू लागला, तेव्हा त्याला थांबवून बॅटरी परत घेतली. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुनी बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि आपण ती घरच्या कचऱ्यात न टाकता त्या साखळीत द्यायची आहे. शिवाय ते आम्ल शिशाने भरलेले असते आणि आमचे गटार पुढे खाडीलाच मिळते.

वेल्डिंगवाल्याकडून नवी पट्टी करून घेतली, ट्रे खरवडून रंगवला आणि बॅटरीखाली रबराचा तुकडा ठेवला. माळीदादांनी स्वतःच्या हाताने लाल आधी, काळी नंतर अशी जोडणी केली. किल्ली फिरवताच ट्रॅक्टर चालू झाला. साठवणीसाठी समितीने सुरक्षारक्षकाच्या केबिनमागील उघडी ओसरी ठरवली आहे. पट्टी किती आवळावी, एवढीच शंका उरली आहे.

रबाळ्याचा फिटर

बॅटरी हाताने हलणार नाही इतकीच. पेटी दबून फुगेल इतकी आवळू नका, भेग पडते. आणि तीन-चार वेळा गवत कापून झाले की टोकांचे व पट्टीचे बोल्ट एकदा पुन्हा तपासा. रबर दबते आणि पहिल्या आठवड्यात थोडी ढील येतेच.